बिनभट्टीचा दगड

गेल्या हिवाळ्यात मी घरातल्या जुन्या सिंकचं दगडी कुंड करायला घेतलं आणि ते काम दोनदा करावं लागलं. पहिल्यांदा ते कोणामुळे बिघडलं हे मला तिथल्या तिथे समजलं होतं. सांगायला मात्र चार दिवस लागले. हे लिहितोय ते त्या चार दिवसांपायी.

मी भिलाईच्या प्लांटात चौतीस वर्षं काढली, तीही रिफ्रॅक्टरी खात्यात. लोकांना वाटतं स्टील प्लांट म्हणजे लोखंड. अरे, लोखंड वितळवणं सोपं आहे. ज्या भांड्यात ते वितळतं ते भांडं वितळू नये, हे कठीण. ते आमच्याकडे होतं. भट्टीला आतून अग्निविटांचं अस्तर लावायचं, सांधे भट्टीच्या मातीने भरायचे, जळालं की फोडायचं आणि पुन्हा लावायचं. फोरमन होऊन निवृत्त झालो. माझ्या कामात चूक आहे असं माझ्या तोंडावर कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. पाठीमागे म्हणत असतील तर ते त्यांचं त्यांना माहीत. घरीही साधारण तोच कारभार होता. घरात काही बिघडलं की ते कोणी बिघडवलं याचा निकाल मी लगेच लावत असे, आणि निकालात माझं नाव कधी येत नसे.

निवृत्तीनंतर प्लांटच्या वसाहतीतलं क्वार्टर सोडलं आणि जवळच रिसालीला स्वतःच्या घरात आलो. क्वार्टरला मागेपुढे भरपूर जमीन होती आणि ती सगळी माझ्या बायकोच्या ताब्यात होती. मी शिफ्टमध्ये असायचो. ती उकिडवी बसून खुरप्याने वाफे करायची, सकाळी दोन तास, संध्याकाळी दीड तास. पालक, मेथी, वांगी, दोडक्याचा मांडव. शेजारच्या तेलुगू बाई तिच्याकडून कढीपत्ता न्यायच्या आणि समोरचे बंगाली भाऊ पुईची, म्हणजे मायाळूची पानं द्यायचे. रिसालीच्या घरात जमीन म्हणजे मागच्या बाजूला दोन खाटा मावतील एवढं सिमेंटचं अंगण. तिथेही तिने कुंड्यांत संसार मांडला होता.

मग गुडघे गेले. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं ती टाळते आहे. डॉक्टरांनी बजावलं की जमिनीवर बसायचं नाही, उकिडवं तर स्वप्नातही नाही. तिने महिनाभर कुंड्यांकडे खिडकीतून पाहिलं. नंतर एक एक करून त्या वाटून टाकल्या. शेवटी कामवालीला खुरपं देऊन टाकलं आणि पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसली. सकाळची मालिका, दुपारची मालिका, दुपारचीच संध्याकाळी पुन्हा. मी म्हणालो, "अवं, हे तर पाहून झालं तुझं." ती म्हणाली, "मंग का झालं? मले कुठं जायचं हाय?"

त्या खुरप्याची मला भीती वाटली. गुडघे दुखतात, माणूस औषध घेतो, कुरकुर करतो, त्याचं मला काही वाटत नाही. पण बाईने स्वतःचं हत्यार देऊन टाकलं म्हणजे तिने आतून कुठेतरी राजीनामा लिहिला. मिस्त्री लोकांचं असं होताना मी पाहिलं आहे. थापी देऊन टाकलेला मिस्त्री पुढे फार दिवस धड राहत नाही.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली आणि तिने स्वयंपाकघरात स्टीलचं सिंक बसवून घेतलं. जुनं पांढरं सिंक चिनी मातीचं, जड, एका कोपऱ्यात टवका उडालेलं. कबाडीवाल्यानेही नको म्हटलं. ते अंगणात भिंतीला टेकून उभं राहिलं. मुलीनेच मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा थंड देशातली एक बाई असंच सिंक घेते, त्यावर सिमेंट, रेती आणि नारळाचा भुसा कालवून थापते, आणि ते जुन्या दगडी कुंडासारखं दिसायला लागतं. मुलगी म्हणाली, "बाबा, इसको ऊँचा रख दो ना. आईला उभ्याउभ्या काम करता येईल."

ही गोष्ट मला एकदम पटली. उभ्याने करायची शेती. बसायचं नाही, वाकायचं नाही.

मी टेप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको ओट्याशी उभी होती. तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. ती म्हणाली, "कायचं माप घेऊन राहिले? तिरडीचं का?"

"तिरडीले लांबी लागते," मी म्हणालो, "मी उंची घेऊन राहिलो."

अंगणात विटांचे दोन खांब उभे केले, तिच्या कोपराच्या चार बोटं खाली येतील असे. शेजाऱ्याला हाताशी घेऊन सिंक त्यावर चढवलं. दोन दिवस ते तसंच पांढरं होतं, तेवढ्यात मीटर वाचायला आलेल्या माणसाने नळ कुठे आहे म्हणून विचारलं. त्याला हात धुवायचे होते. बायको आतून म्हणाली, "लग्नाच्या हॉलमधलं वाटते. साबण ठेवा अन् एक टॉवेल अडकवा." त्यामुळे दगडाचा थर देणं आणखी गरजेचं झालं.

आता माझं. मुलीने सिमेंट सांगितलं होतं, पण सिमेंट हा शब्द आमच्या खात्यात शिवीसारखा होता. साधं सिमेंट भट्टीच्या आगीत टिकत नाही, फुटून बाहेर येतं. नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचं. चौतीस वर्षं ज्या वस्तूला हात लावला नाही, ती मी एका व्हिडिओतल्या बाईच्या सांगण्यावरून लावणार होतो का? मी सुपेल्याच्या बाजारात गेलो. तिथे तंदूर आणि हलवायांच्या भट्ट्या बनवणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडून फायरक्लेचं, म्हणजे भट्टीच्या मातीचं पोतं आणलं आणि जुन्या अग्निविटांचा चुरा आणला. माल पाहूनच बरं वाटलं. नाकाला ओळखीचा वास आला.

काम मी शास्त्राप्रमाणे केलं. सिंकची चकाकी दगडाने घासून खरबरीत केली. गुळगुळीत अंगावर थर धरत नाही म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी भोवती गुंडाळून तारेने आवळली. माती आणि चुरा कालवून एक रात्र मुरू दिला. दुसऱ्या दिवशी थापीने दोन बोटं जाडीचा थर चढवला, वरून गोणपाटाने टिपून खडबडीत केला, मधेमधे बोटाने खाचा पाडल्या. एकदम वाळून तडा जाऊ नये म्हणून ओलं पोतं झाकलं. चौथ्या दिवशी पोतं काढून खाली कोळशाची शेगडी लावली. नवीन अस्तर सावकाश तापवायचं असतं, हा नियम आहे. शेजारी भिंतीवरून विचारत होता, "अंकल, सिंक को सर्दी हो गई क्या?" मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

आठव्या दिवशी कुंड पाहून मी स्वतःवर खूश झालो. फिकट पिवळसर, वाऱ्यापावसाने झिजलेल्या खडकासारखं. मुलीला फोटो पाठवला. तिचा निरोप आला, "एकदम पत्थर." मी खापराचा तुकडा तळाच्या भोकावर ठेवला, माती आणि शेणखत भरलं आणि बायकोला हाक मारली.

ती दारापर्यंत आली, पाहिलं, म्हणाली, "चांगलं झालं. लावा तुमी काई."

"मी नाई. तुले लावायचं हाय."

"मले नाई होत आता," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मी जोर केला नाही. खरं सांगायचं तर मी रुसलो होतो. आठ दिवस राबलो आणि बाईसाहेब दारातून परत फिरतात. पण ती स्वयंपाकघरातल्या डब्यातून धने काढून लाटण्याने दोन फाकी करून ठेवताना मला दिसली होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात आणि सांभार पेरायला धने असेच फोडतात. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

चौथ्या दिवशी दुपारी जेवून मी आडवा झालो. डोळा लागला. जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. मागच्या दारात आलो तर ती कुंडापाशी उभी होती, काठी भिंतीला टेकवलेली. कुंडावर सांभार पेरून झाला होता, वर हाताने माती सारखी केल्याच्या रेघा होत्या. पाइप खाली पडून वाहत होता. आणि माझा दगड चिखल होऊन खांबांवरून खाली ओघळत होता. एका बाजूची जाळी उघडी पडली होती आणि जाळीतून पांढरं सिंक दिसत होतं. ती दोन्ही हातांनी चिखल उचलून जाळीवर परत दाबत होती. तो पुन्हा घसरत होता, ती पुन्हा दाबत होती. कोपरापर्यंत हात माखलेले. मी उठायच्या आत तिला ते पहिल्यासारखं करायचं होतं.

मला पाहून ती थांबली. म्हणाली, "माझ्या हातून गेलं जी."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला समजलं होतं. भट्टीची माती हजार डिग्रीला दगड होते. त्याआधी ती माती असते, कितीही वाळली तरी नुसती माती. चौतीस वर्षांत मी लावलेल्या प्रत्येक थराच्या मागून आग आली होती. आग येणारच, ती आपली आपण येते, असं मी धरून चाललो होतो. अंगणात कुठली आग? शेगडीवर फार तर चहा झाला असता. तंदूरवाल्या कारागिराने मला विचारलंही होतं की किती दिवस भाजणार. मी म्हणालो होतो, मला शिकवू नको.

हे सगळं मला कळलेलं होतं, आणि मी तोंड उघडलं ते असं:

"पाइप असा धरते का कोणी? पूर्ण फोर्स सोडला तुनं."

तिने नळ बंद केला, हात धुतले, काठी घेतली आणि आत गेली.

आता हे मी का म्हणालो याचं सोयीचं कारण मी चार दिवस शोधलं. झोपेतून उठलो होतो. माल वाया गेला होता. मुलीला फोटो पाठवून बसलो होतो. सगळं खरं आहे आणि एकही कारण नाही. मी सवयीने निकाल लावला, एवढंच.

पहिल्या दिवशी वाटलं, संध्याकाळपर्यंत ती विसरेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता काढून काय उपयोग. ती रागावली असती तर मला बरं झालं असतं, मीही आवाज चढवून मोकळा झालो असतो. पण ती रागावलेली नव्हती. ती सावध झाली होती. चहा गाळताना गाळणी दोन्ही हातांनी धरायला लागली. काचेचा जग वापरायचा सोडून स्टीलचा काढला. तिसऱ्या दिवशी माझ्या शर्टाचं बटण लावायला सुई घेतली आणि खाली ठेवून म्हणाली, "शिंप्याकडून लावून घ्या. माझ्यानं वाकडं होईन." ही बाई मांडवावर चढून दोडके काढणारी. मी शर्ट घेतला आणि खोलीत गेलो. मनातून स्वतःला फोरमनच्या भाषेत जे म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही.

चौथ्या दिवशी ती मुलीशी फोनवर बोलत होती. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो.

"नको बाई, काई पाठवू नको," ती म्हणत होती. "यायनं आठ दिवस मेहनत केली, मी एका मिनटात मातीत घातलं. माझ्या हातून आता सगळं बिघडूनच राहिलं. आता मी कायलेच हात नाई लावत."

मुलगी तिकडून काही तरी समजावत असावी. ती "हो, हो" करत होती आणि त्या "हो"मध्ये काही जीव नव्हता.

फोन ठेवून ती चहाचं आधण ठेवायला गेली. मी मागून गेलो. ओट्याला टेकून उभा राहिलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांचे रिपोर्ट लिहिले, पण स्वतःच्या चुकीचं पहिलं वाक्य कसं असतं ते मला ठाऊक नव्हतं.

"ते तुझ्यापायी नाई पडलं," मी म्हणालो.

"मंग?"

"माती कच्ची होती. भट्टीत भाजल्याबिगर ती पक्की होतच नाई. तू लोटीभर पाणी टाकलं असतं तरी आलीच असती खाली. सिमेंट लावायचं होतं. पोरीनं सांगतलं होतं, मी ऐकलं नाई."

तिने गॅस बारीक केला. "तुमाले हे कवा समजलं?"

"तवाच."

"मले पाइपचं बोलले, त्याच्या आधी का मंग?"

इथे खोटं बोलायला जागा होती. 'मंग', म्हणजे नंतर, म्हटलं असतं तर भागलं असतं. "आधी," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "चार दिवस मी सोताले म्हातारी समजून राहिली." मग गॅस बंद केला. चहा झालाच नाही. त्या रात्री ताट वाढून तिने माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः टीव्हीसमोर बसून जेवली. मला ते बरोबर वाटलं. तेवढं तर व्हायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पाहतो तर जाळीवर उरलेला चिखल तिने पाणी मारून पुरता धुऊन काढला होता. मला म्हणाली, "पोरीनं का का सांगतलं होतं, ते सगळं आणा. अन् हाताले घालायचे रबरी मोजे." मी सुपेल्याहून सिमेंट, बारीक रेती आणि नारळाच्या भुश्याची वीट आणली. वीट पाण्यात टाकली की फुगून घमेलंभर भुसा होतो. मी थापी काढली. तिने ती माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली.

"तुमी गोळे करून द्या," ती म्हणाली. "मी लावते."

जाळी माझी होती आणि ती पक्की होती, एवढं मी सांगून ठेवतो. बाकी सगळं तिचं. लहानपणी गावाकडे तिने भिंती लिंपल्या आहेत. तो हात मी कधी पाहिला नव्हता, आमच्या क्वार्टरच्या भिंतींना डिस्टेंपर होता. ती गोळा जाळीवर आपटायची, तळव्याने पसरायची, आणि अंगठ्याच्या मुळाने असा दाब द्यायची की कड आपोआप ओबडधोबड होत जायची. मी बोटाने पाडलेल्या खाचा ओळीने एकसारख्या होत्या. तिच्या तशा नव्हत्या. अर्धी बाजू झाली तेव्हा मी थोडा मागे सरकून पाहिलं, आणि माझा पहिला दगड दगड नव्हताच हे मला मान्य करावं लागलं. तो नुसता भिंतीचा तुकडा होता.

ती तासभर उभी होती. मी दोनदा खुर्ची आणली. दोन्ही वेळा तिने ती पायाने सरकवून दिली. गुडघा दुखत असणारच, ओठ आवळलेले होते. पण हात थांबत नव्हते.

मग माझ्याकडे न पाहता तिने विचारलं, "एक सांगा. अशा अजून किती हायेत माझ्या नावावर?"

"कशा?"

"तुमी केलेल्या. अन् मी केल्या म्हणून मी धरून बसलेल्या."

मी गोळा करत होतो, तो करत राहिलो. खोटं बोलणं शक्य होतं, पण काल एक खरं बोलून झालं होतं आणि त्याने छत कोसळलं नव्हतं. शिवाय विचार करावा लागला नाही. एक एकदम वर आली.

"क्वार्टरमधलं लिंबाचं झाड," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. ते झाड तिने बीपासून वाढवलं होतं. फळायला लागलं त्याच वर्षी पानं गळून उभ्याउभ्या वाळलं. तेव्हा मी निकाल दिला होता की पाणी जास्त झालं, मुळं सडली.

"पाण्यानं नाई मेलं," मी म्हणालो. "स्कूटरची बॅटरी फुटली होती. त्यातलं तेजाब मी त्याच्या बुडाशी ओतलं. तू माहेरी होती."

 कुंडाच्या काठावरचा सिमेंटचा एक उंचवटा तिने अंगठ्याने दाबून सारखा केला, मग तो नको वाटला म्हणून पुन्हा उचलला.

"त्याच्यानंतर," ती म्हणाली, "मी कोणत्याच झाडाले कधी पोटभर पाणी नाई टाकलं. टाकतानी हात मागंच यायचा. कितीक झाडं मी अर्धपोटी ठेवली."

 मी पुढचा गोळा तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, वजन पाहिलं, जाळीवर आपटला आणि तळव्याने पसरायला लागली.

"आता दुसरी सांगा," ती म्हणाली.